मोकळ्या वेळाचे कंट्रोलर

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, नंदुरबार जिल्ह्यातील बारा ज्येष्ठ नागरिक स्पेन देशात जाऊन एकंदर सतरा तास काहीही न करता सुखरूप परत आले, या घटनेची नोंद अद्याप कोणत्याही इतिहासकाराने घेतलेली नाही. ही गंभीर उणीव येथे दूर करण्यात येत आहे. वाचकांनी आपापल्या जागी बसून घ्यावे व शेवटपर्यंत उठू नये. उठल्यास काय होते, ते योग्य वेळी जाहीर करण्यात येईल.

ही भाषा माझी नाही. ती रोहिदास आप्पांची आहे आणि खरं तर ती वाचायची नाहीच. लाउडस्पीकरची थोडी खरखर मिसळून ऐकायची आहे. आप्पा शहाद्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाड्या फलाटावर लावायच्या, वेळेवर सोडायच्या आणि तसं जाहीर करायचं, हे त्यांचं काम. माझं झेरॉक्सचं दुकान बरोबर स्थानकासमोर. माझं निम्मं आयुष्य आप्पांच्या आवाजाखाली गेलं.

आप्पांकडे दोन भाषा होत्या. घरी, टपरीवर, माझ्या दुकानात ते अहिराणी बोलत. माइक हातात आला की मात्र अशी शुद्ध मराठी निघायची की फलाटावरची कॉलेजची पोरं नकळत शर्ट खोचायची. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून कँटीन दिसायचं. त्यामुळे घोषणा अशा असायच्या: "तळोद्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. पांढरी टोपी घातलेल्या बाबांनी आपला चहा सावकाश संपवावा. गाडी त्यांना सोडून जाणार नाही. मात्र त्यांनी दुसरा कप मागवू नये." पांढरी टोपी घातलेले नऊ बाबा एकदम कप खाली ठेवायचे.

या दोन भाषांचा एक कायदा होता. अहिराणीत बोललेलं मागे घेता येतं. शुद्ध मराठीत बोललेलं घेता येत नाही. एकदा घरात मामींशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, कशावरून तरी वाजलं आणि आप्पांच्या तोंडून चुकून शुद्ध मराठी गेली, "यापुढे या घरात वांग्याचे भरीत होणार नाही." झालं नाही. चार वर्षं. खानदेशात. भरीत मामींना नव्हे, आप्पांनाच प्राणाहून प्रिय होतं. हिवाळ्यात शेजारी वांगी भाजायला लागले की आप्पा खिडकी लावून घ्यायचे. चौथ्या वर्षी मामींनी नवीन घरात राहायला गेल्याच्या दिवशी पहिलं भरीत केलं. "या घरात" असंच म्हणाले होते ना, एवढंच त्या बोलल्या. आप्पांनी तीन भाकरी खाल्ल्या.

उंची बेताची, पोट नाही, खिशाला दोन पेनं, गळ्यात काळ्या दोरीत शिट्टी. निवृत्त झाल्यावरही शिट्टी राहिली. कुठेही बसण्याआधी आप्पा तीन गोष्टी करत: तळहाताने बाक दाबून बघत, मान वर करून सूर्य कुठे आहे ते बघत आणि मग चौफेर नजर फिरवून तिसरी गोष्ट शोधत. "बूड, सावली, संडास," ते मला सांगायचे. "या तीन गोठी जमन्यात का माणूस कोठे बी राजा शे."

बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडीची वाट बघताना बघितलं होतं. बाकीचे कंट्रोलर गाड्यांचे जाणकार. आप्पा वाट बघणाऱ्यांचे. बाकावर बसलेल्या माणसाकडे एकदा बघून ते सांगायचे, हा आता झोपेल, ही आता रडेल, याची गाडी हमखास चुकेल. "माणूस हारपत नही, झेरॉक्स," ते म्हणायचे. मला ते माझ्या नावाने कधीच हाक मारत नसत. "माणूस उठी जास. हारपनं हाई नंतरनं काम शे."

आता स्पेन. पुण्याच्या एका टूरवाल्यांनी मला सांगितलं होतं की, तुमच्या भागातले बारा ज्येष्ठ जमवा, त्यांच्याबरोबर तुम्हीही या. होळीनंतरची तारीख ठरली. मी बारा जमवले. कार्यक्रमाचा कागद आला. त्याच्या पंधरा प्रती काढल्या आणि माझ्याच दुकानात बैठक भरवली. कागदावर राजवाडे होते, चर्चेस होती आणि जवळजवळ रोज एक ओळ होती: मोकळा वेळ. कधी दीड तास, कधी तीन.

त्या ओळीने खळबळ माजली. राजवाड्याला कोणाचीच हरकत नव्हती. पण मोकळा वेळ म्हणजे काय? जन्मभर ऊस, केळी आणि कापूस केलेल्या माणसांना मोकळा वेळ ही चीज ऐकूनही धड माहीत नव्हती. आमच्यातले निवृत्त हेडमास्तर कुवर गुरुजी म्हणाले, "रिकामं बसवून ठेवणं योग्य नाही. मी रोज एक व्याख्यान देईन." त्यावर दोघांनी तिथल्या तिथे नाव मागे घ्यायची तयारी दाखवली.

आप्पा कोपऱ्यात कागद वाचत होते. त्यांनी चष्मा काढला.

"या कागदमा बाकीनं समदं ठीक शे," ते म्हणाले. "हिंडाना टाइमले गाइड शे. जेवनना टाइमले हाटेल शे. मोकळा वेळले कोन शे? कोनी नही. म्हणीसन आपलं काम फक्त मोकळा वेळनं शे."

पुढचे तीन आठवडे आप्पांनी माझ्या काउंटरवर बसून, मोबाइलवर अंगठ्याने स्पेन पालथा घातला. नकाशात रस्त्यांचे फोटो दिसतात ना, तसे एकेक गल्ली चालत. हाताशी जुनी लांबट वही. मी उघडून पाहिली. त्यात एकाही राजवाड्याचं नाव नव्हतं. "सेव्हिल. चौक दुसरा. बाक चार. टेकायला पाठ आहे. संत्र्याचे झाड. सावली दुपारी तीननंतर. समोर हॉटेल, संडास आत डावीकडे असावा." सावली कशी काढली, विचारलं तर म्हणाले, फोटोत माणसांची सावली पडलीय, त्यावरून. आधार कार्डाच्या प्रती काढायला आलेली मंडळी खोळंबलेली असायची आणि आप्पा म्हणायचे, "एक मिनिट थांबा. माद्रिदमा एक बाकडं सापडी ऱ्हायनं."

आमच्याबरोबर येणारी गाइड, पुण्याची केतकी, फोनवर त्यांना समजावत होती. "काका, फ्री टाइममध्ये ज्याला जे वाटेल ते करायचं. त्याचं प्लॅनिंग नसतं."

"ताई, सत्तरीना माणूसले जे वाटस ते कराले पहिले बठाले लागस," आप्पा म्हणाले. मग तिने विचारलं, ती वही तिला फोटो काढून मिळेल का.

पण बाक सापडले म्हणजे झालं नाही. बारा माणसं बारा दिशांना जाणार, परत एकत्र कशी आणायची? याचं उत्तर आप्पांकडे तरुणपणापासून होतं. नोकरीच्या सुरुवातीला ते कंडक्टर म्हणून सातपुड्यातल्या मोलगीच्या गाडीवर जात. मोलगीच्या आठवडे बाजाराला डोंगरातली कुटुंबं पायी येतात, आता जीपनेही येतात. आल्याबरोबर प्रत्येक घराचं गाठोडं आपापल्या ठरलेल्या झाडाखाली ठेवलं जातं आणि त्यावर एक जण बसतो, बहुधा सगळ्यात म्हातारं माणूस. बाकीचे बाजारभर पांगतात. कोणी कोणाला हाका मारत नाही, कोणी कोणाला शोधत नाही. ज्याचं आटोपलं तो गाठोड्याशी येतो. शेवटचा येईपर्यंत गाठोड्यावरचा माणूस हलत नाही. आप्पांनी हे वर्षानुवर्षं बघितलं आणि ठरवलं की, माणसांच्या व्यवस्थेत यापलीकडे शोध लागायचा नाही.

म्हणून स्पेनची रंगीत तालीम मोलगीला झाली. दोन जीप करून आम्ही घाट चढलो. "तठे आपली भाषा कोनी बोलत नही, रस्ता चढना शे, गर्दी शे," आप्पा म्हणाले. "स्पेनमा आनखी काय व्हई?" चौकडीच्या चादरीचं गाठोडं बांधलं होतं, आत औषधं, शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या. पहिली पाळी कुवर गुरुजींची. त्यांना गाठोड्यावर बसवून सगळे पांगले. वीस मिनिटांनी गुरुजींना समोर कोयते दिसले. शाळेच्या बागेसाठी आयुष्यभर चांगला कोयता मिळाला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. ते उठले. पहिले दोघे परत आले, झाडाखाली कोणी नाही. ते गुरुजींना शोधायला गेले. पुढचे तिघे आले, ते त्या दोघांना शोधायला गेले. तासाभरात बाराच्या बारा माणसं एकमेकांना शोधत मोलगीभर फिरत होती आणि हरवलं कोणीच नव्हतं.

शेजारच्या गाठोड्यावर एक डोंगरातली म्हातारी बसली होती. गुरुजी उठताच तिने आमचं गाठोडं ओढून आपल्या गुडघ्याशी घेतलं होतं. आप्पा आले तेव्हा तिने ते परत दिलं आणि तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. आप्पांना ती बोली थोडी येत असे. ते हसले नाहीत.

"काय म्हणाली?" गुरुजींनी विचारलं.

"म्हनस, तुमना तो माणूस नवा शे का?"

त्या झाडाखालीच आप्पांनी शुद्ध मराठीत जाहीर केलं, "गाठोड्यावरील व्यक्ती सर्व प्रवासी परत येईपर्यंत जागा सोडणार नाही." म्हणजे संपलं.

आता जमनाकाकू. आमच्या बारांतल्याच, कोरीट गावच्या. तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातल्या, सत्तरीच्या, ठेंगण्या, चालणं झपझप. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेती मुलगा जगदीश बघतो. काकू एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत हरवल्या होत्या. सगळं घर चार तास शोधत होतं. सापडल्या त्या घोड्यांच्या बाजारात, एका खाटेवर बसून घोडे बघताना. तेव्हापासून काकूंबरोबर कोणीतरी असतंच. देवळात सून, दवाखान्यात मुलगा, शेतात सालदाराची बायको.

जगदीश नाव पक्कं करायला काकूंना घेऊन आला. चांगला माणूस, आईवर जीव असलेला. त्याची एकच अट होती. "आप्पा, आईले एक मिनिट नजरआड करानं नही. रोज चार वाजता मी फोन करसू, माले आई दिसाले पाहिजे." आपल्याकडचे चार म्हणजे स्पेनमध्ये सकाळचे साडेअकरा.

आप्पा उभे राहिले. "आपल्या मातोश्री संपूर्ण प्रवासात एक क्षणही नजरेआड होणार नाहीत."

जगदीश समाधानाने शेजारच्या दुकानात ठिबकच्या नळ्या बघायला गेला. काकू उठल्या नाहीत. तो लांब गेल्याची खात्री करून त्या म्हणाल्या, "आप्पा, माले एक तास एकली फिरनं शे. कोनी मांगे नको, कोनी पुढे नको. त्यानासाठेच जाई ऱ्हायनी मी. नही ते माले राजवाडाशी काय करनं?"

"पन तुम्ही सारंगखेडाले हारपन्या व्हत्यात ना, बेन?"

"मी कोठे हारपनी व्हती? मी कोठे शे ते माले ठाऊक व्हतं. त्यासले ठाऊक नव्हतं."

आप्पांनी त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं, बाकावरच्या माणसाकडे बघायचे तसं. मग ते पुन्हा उभे राहिले. मी मशीन बंद केलं, कारण लक्षण ओळखीचं होतं. "आपणास एक तास एकटीने फिरण्याची व्यवस्था करण्यात येईल."

काकू गेल्या. मी म्हटलं, "आप्पा, एकाच फलाटावर एकाच वेळी दोन गाड्या लावल्यात तुम्ही." पुढचे आठ दिवस त्यांनी शेंगदाणेही खाल्ले नाहीत. अंगठा सतत मोबाइलवर. नवव्या दिवशी त्यांनी फोन काउंटरवर ठेवला.

"सापडनं."

कोर्दोबा नावाचं गाव. त्यात नदी. नदीवर रोमन लोकांच्या वेळचा जुना दगडी पूल, त्यावर गाड्या नाहीत, फक्त माणसं. सरळ, पट्टीने आखल्यासारखा. अलीकडच्या टोकाला एक दगडी बाक. "अठेन तठलोंग समदं दिसस," आप्पा म्हणाले. "ती पूलवर एकली बी ऱ्हाई, आनी मन्ही नजरमा बी ऱ्हाई." वहीत मात्र त्यांनी नाराजीने लिहिलं होतं: बाकाला पाठ नाही. त्यांच्या नियोजनात पाठ नसलेला तो एकमेव बाक होता.

स्पेनबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण आम्ही त्यातला बराचसा बसून पाहिला. माद्रिदमध्ये गाठोडं पाहून केतकी पहिल्या दिवशी जरा लांबून चालत होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःची पर्स त्यात टाकली. दुसरी एक टूर आमच्याच हॉटेलात होती. त्यांची माणसं रोज हरवत. आमची मंडळी निवांत पांगायची आणि एकेक करून गाठोड्याशी यायची, काही बघून, काही न बघता. सेव्हिलला रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लगडलेली होती आणि कोणी तोडत नव्हतं. आमच्यातल्या शेतकऱ्यांना हे सहन होईना. एकाने खाली पडलेलं उचलून चाखलं, कडू निघालं, तेव्हा कुठे त्या देशाबद्दलचा त्यांचा राग शांत झाला.

त्याच चौकात, वहीत लिहिलेल्या बाकावर, एक स्पॅनिश आजोबा येऊन उभे राहिले. ती रोजची त्यांची जागा असावी. आप्पांनी गाठोडं वीतभर सरकवलं. आजोबा बसले. तळहाताने बाक दाबूनच बसले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तासभर दोघांत एक शब्द नाही. आप्पांनी शेंगदाणे पुढे केले, त्यांनी सोललेलं फळ पुढे केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर आजोबा आधीच आलेले आणि शेजारी आपली टोपी ठेवून जागा धरलेली. तिसऱ्या दिवशी आम्ही निघून जाणार होतो आणि हे त्यांना सांगायची सोय नव्हती. आप्पांना त्याची रुखरुख लागली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तो उद्या बी टोपी ठेवई."

आणि मग कोर्दोबा. सकाळी मोठं प्रार्थनास्थळ बघून झालं, अकरा वाजता मोकळा वेळ सुरू झाला. त्या दिवशी गाठोड्यावरची पाळी आप्पांनी स्वतःकडे घेतली होती. बाक फोटोत दिसला होता तसाच होता. नदीत पाणी आपल्या तापीएवढं नाही, पण वाहतं. पूल तापीवरच्या आपल्या प्रकाश्याच्या पुलापेक्षा कितीतरी लहान. मधोमध कठड्यावर एका देवदूताची मूर्ती, पुढे लोकांनी लावलेल्या मेणबत्त्या.

"निघा, बेन," आप्पा म्हणाले. "एक तास."

काकूंनी पदर खोचला आणि निघाल्या. खरं तर बाकीच्यांनी गावात फिरायला जायचं होतं. पण ही बातमी सगळ्यांना कळली होती. कोणी गेलं नाही. बाकावर, कठड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे अकरा जण पुलाकडे तोंड करून बसले. काकू पंचवीस पावलं गेल्या आणि वळून बघितलं. सगळ्यांनी हात हलवले. त्या मूर्तीपाशी पोचल्या, पुन्हा वळल्या. पुन्हा हात. गुरुजींनी रुमाल काढून हलवला, रेल्वेला दाखवतात तसा. काकू भराभर पुढे गेल्या, पलीकडच्या टोकाला एक दगडी बुरूज आहे तिथे पोचल्या आणि बुरुजामागे गेल्या.

दिसेनाशा झाल्या.

"फिरीसन येतीन," आप्पा म्हणाले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पुलावर सगळी माणसं दिसत होती, फक्त काकूंचं अंजिरी लुगडं दिसत नव्हतं. आप्पांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पुसला. अकरा वाजून वीस मिनिटं झाली. जगदीशचा फोन यायला दहा मिनिटं होती.

"मी बघून येते," केतकी म्हणाली.

"कोणीही आपली जागा सोडू नये," आप्पा म्हणाले. शुद्ध मराठीत. पण त्यांचा हात गाठोड्याच्या गाठीवर होता आणि आवळलेली गाठ ते पुन्हा पुन्हा आवळत होते. एवढी वर्षं ते लोकांना सांगत आले की उठू नका. आता उठावंसं त्यांना स्वतःला वाटत होतं, आणि ते मला दिसत होतं. त्यांनी अचानक माझ्याकडे बघितलं.

"झेरॉक्स, तू बारामा मोजेल नही ना?"

"नाही."

"मंग पय."

मी पळालो. पूल ओलांडला, बुरुजाला वळसा घातला. मागच्या बाजूला एका बुटक्या भिंतीवर जमनाकाकू पाय लोंबकळत ठेवून बसल्या होत्या आणि बडीशेप चघळत होत्या. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उठनात का त्या?"

"कोण?"

"त्या समदा. देखनारा."

"नाही. तुम्ही आल्याशिवाय आप्पा उठणार नाहीत. नियम आहे."

"मंग मी बी नही येत," काकू म्हणाल्या. "मी तठे चालनी, त्या देखतस. मी थांबनी, त्या देखतस. तो मास्तर फडकं हलावस. आशी कोनी एकली ऱ्हास का? मन्ही पाठवर अकरा माणसंना डोया शेतस. जाय, आप्पाले सांग, डोया फिराव म्हना. नियम तुना तुले ठेव."

मी परत धावलो आणि निरोप जसाच्या तसा दिला. बाकीची दहा म्हातारी माणसं आप्पांकडे बघत होती. आप्पा पुलाकडे बघत होते. काय अडलं होतं ते सगळ्यांना कळत होतं. एक शब्द जगदीशला दिलेला, नजरेआड होणार नाहीत. एक शब्द काकूंना दिलेला, एकटीने. दोन्ही शुद्ध मराठीत. आठ दिवस अंगठा झिजवून त्यांनी दोन्ही शब्द बसतील असा पूल शोधला होता, आणि काकू म्हणत होत्या की हा तास तो तास नव्हेच.

"आप्पा, पाच मिनिटांत फोन येईल," केतकी हळूच म्हणाली.

आप्पांनी गाठीवरचा हात काढला. "गाठोडं सोडानं नही, हाऊ नियम शे," ते स्वतःशीच म्हणाले. "तोंड कोठे करानं, त्याना नियम नही."

आणि त्यांनी पाय उचलले. पाठ नसलेला बाक तो. आधी उजवा पाय, मग डावा, बाकावरून पलीकडे घेतला आणि नदीकडे पाठ करून, समोरच्या जुन्या भिंतीकडे तोंड करून बसले. "चाला," ते म्हणाले. एकेक करून सगळे वळले. गुरुजींनी रुमाल खिशात ठेवला. कोर्दोबा गावात त्या सकाळी येणारे-जाणारे प्रवासी पुलाचे फोटो काढत होते आणि त्यांच्याकडे तोंड करून आमची अकरा माणसं भिंत बघत बसली होती, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. दोन परदेशी बायकांनी थांबून भिंतीवर काय आहे तेही पाहिलं.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. काकू परत आल्या. पुरा तासभर फिरून आल्या, आपल्या पायांनी, कोणी न आणता. गाठोड्याशी आल्या, पाणी प्यायल्या आणि आप्पांना म्हणाल्या, "चाला." कुठे गेल्या, काय केलं, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. पदराच्या टोकाला मेणाचा एक थेंब सुकलेला होता, एवढं मी पाहिलं. मधल्या वेळात जगदीश फोनवर जे बोलायचं ते बोलला, चिडला, दोन दिवस आप्पांचा फोन त्याने घेतला नाही. आता काकू कोरीटहून शहाद्याला बसने एकट्या येतात. माझ्या दुकानात बसतात. आधी तळहाताने खुर्ची दाबून बघतात.

आप्पा आता इथे नसतात. गेल्या वर्षी मुलीकडे सुरतेला गेले. फोनवर बोलतात, मुलीच्या इमारतीखाली बाक आहेत, पाठ आहे, सावली नाही, असा अहवाल देतात. बसस्थानकावर आता एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला आहे. तिला कँटीन दिसत नाही.

आप्पा सुरतेला निघाले तेव्हा त्यांना सोडायला मी फलाटावर गेलो होतो, पण ते दर्शन माझ्या मनात टिकलं नाही. टिकलं ते कोर्दोबाचं. भिंतीकडे तोंड, गळ्यात शिट्टी, एक हात गाठोड्यावर, ताठ बसलेले आप्पा. पाठीमागे नदी, पूल आणि पुलावर कुठेतरी एक बाई एकटी. साडेअकराला फोन वाजला. पडद्यावर जगदीश, मागे त्याची केळीची बाग.

"आप्पा, आई कोठे शे? दिसी ऱ्हायनी ना?"

आप्पांनी घसा साफ केला, छाती काढली. आम्ही सगळे शुद्ध मराठीची वाट बघत राहिलो. तोंड उघडलं, पण ती आलीच नाही.

"नही दिसत, भो," आप्पा म्हणाले. "आनी मी देखी बी नही ऱ्हायनू."